दुष्काळात देव भेटला, म्हणून तो खोटा?

दर काही महिन्यांनी तशीच एक चित्रफीत मोबाइलवर फिरत येते. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे कीबोर्ड आणि ढोलक, आणि हातात माइक धरलेली एखादी बाई. नवऱ्याची दारू, बचत गटाचे थकलेले हप्ते, मुलाचे दुखणे असे सगळे सांगून झाल्यावर ती म्हणते, ‘‘आता मला शांती आहे. प्रभूने दिली.’’ मग भांडण सुरू होते. एक गट म्हणतो, हे आमिष आहे, गरिबाच्या लाचारीचा धंदा आहे. दुसरा गट जरा शिकलेला असतो. तो म्हणतो, ही मानसिक कुबडी, परिस्थिती सुधारली की गळून पडेल. तिसरा गट ‘हालेलूया’ लिहितो आणि वर बजावतो की हिने संशय न धरता विश्वास ठेवला म्हणून झाले, तुम्हीही ठेवा. हे तिघे एकमेकांचे वैरी दिसतात, पण तिघांनी एक गोष्ट न बोलता धरून ठेवलेली असते, ती म्हणजे श्रद्धा हा संकटावरचा तोडगा आहे. पहिल्याला तो विकलेला वाटतो, दुसऱ्याला भासमान, तिसऱ्याला हमखास. माझे म्हणणे असे की वाद इथेच फसतो. एखाद्याला दुःखात श्रद्धा लाभली हा त्या श्रद्धेविरुद्धचा पुरावा होत नाही, आणि तिने शांती मिळाली हा तिच्या बाजूचाही पुरावा होत नाही. ख्रिस्ती परंपरेतल्या प्रामाणिक माणसांनी ज्याला शांती आणि आशा म्हटले, त्यात शंका संपलेली नसते. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. तिसऱ्या गटातली माणसे माझ्या नात्यागोत्यातली आहेत, तेव्हा त्यांच्याशी जरा कडक बोलण्याचा हक्क मी घेतो.

पण आधी विरोधकांचे जे खरे आहे ते मान्य करायला हवे, आणि ते थोडेथोडके नाही. ‘गोळ्या बंद करा, हे तेल लावा, प्रार्थना करा’ असे क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रुग्णाला सांगणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळत असतो, मग त्याच्या गळ्यात क्रूस असो की रुद्राक्ष. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध 1954चा केंद्रीय कायदा आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्राने केलेला जादूटोणाविरोधी कायदा आहे. ते चंगाई सभेच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करू पाहणाऱ्या सभेच्या, मांडवालाही लागू व्हायला हवेत. आपण अल्पसंख्याक आहोत म्हणून कुणी तिकडे बोट दाखवू नये, ही अपेक्षा मला लाजिरवाणी वाटते.

याहून खोल टीका चर्चच्या आतूनच झाली आहे. जर्मन धर्मपंडित डीट्रिख बॉनहोफर हिटलरच्या राजवटीत टेगेलच्या तुरुंगात होता. 1944 साली तिथून मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने धार्मिक माणसांवर आसूड ओढला. माणसाचे ज्ञान संपले किंवा बळ संपले की हे लोक देवाला पुढे करतात, म्हणजे माणसाच्या दुबळेपणावरच देवाचे दुकान चालते. माणूस सावरला, विज्ञान पुढे गेले, की त्या देवाला एकेक खोली रिकामी करून द्यावी लागते. देव आयुष्याच्या कडेला शोधू नका, मध्यभागी शोधा, असा त्याचा आग्रह होता. हे लिहिणाऱ्याला 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिले. म्हणजे दुःखाचा त्याला अनुभव नव्हता असे कुणी म्हणू शकणार नाही. ‘दुखऱ्या माणसाला गाठून देव गळ्यात मारू नका’ ही त्याची सूचना मला पूर्ण पटते.

पण त्यावरून दुःखात उगवलेली श्रद्धा खोटी, असे कसे ठरते? 1630च्या सुमाराचा दुष्काळ आठवा. देहूच्या एका वाण्याचे दिवाळे निघाले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली, मुलगा गेला. त्यानंतर तो म्हणाला, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’. तुकोबांची भक्ती ही वैफल्यग्रस्त कर्जबाजाऱ्याची मानसिक कुबडी होती, असे म्हणायची छाती महाराष्ट्रात कुणाची आहे? आपण तसे म्हणत नाही, आणि ते केवळ आदरापोटी नव्हे. दुष्काळ निमित्त होता हे आपल्याला माहीत असते, पण त्यातून जे उभे राहिले त्याची पारख आपण अभंगांवरून करतो, दुष्काळावरून नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग पुलाच्या एका टोकाला एक माप आणि दुसऱ्या टोकाला वेगळे, असे का?

उलट्या दिशेनेही पाहा. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये देवळे भरलेली असताना भूकंप झाला, आणि ‘हे जग दयाळू देवाने नीट बेतलेले आहे’ या समजुतीला युरोपभर तडा गेला. 1851 साली चार्ल्स डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी वारली. त्याच्या मनात उरलासुरला ख्रिस्ती विश्वास त्या मृत्यूनंतर राहिला नाही, असे अनेक चरित्रकार मानतात. या माणसांच्या अविश्वासाला आपण ‘शोकाकुल मनाची अवस्था, सावरेल तसा निघून जाईल’ असे म्हणून बाजूला सारतो का? नाही सारत, आणि ते योग्यच आहे. मग दुःखातून आलेल्या नास्तिकतेला विचार म्हणायचे आणि दुःखातून आलेल्या श्रद्धेला लाचारी, हा कुठला न्याय? एखादी गोष्ट कुठून सुचली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. विवेकवाद्यांनी हे विसरावे याचे मला जास्त वाईट वाटते, कारण हा त्यांच्याच शाळेतला पहिला धडा आहे.

यावर उत्तर येते, आणि ते दमदार आहे. तुकोबांनी धर्म बदलला नाही आणि त्यांना कुणी धान्याची पोती दाखवली नाहीत. इथे ओंगोलचे उदाहरण घ्यावे लागते. 1876 ते 78च्या महादुष्काळात आंध्रच्या त्या भागात जॉन क्लाऊ नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होता. त्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक तुकडा ठेक्याने घेतला आणि हजारोंना मजुरी दिली. त्यांत बहुतेक चामड्याचे काम करणारे मादिगा होते. बाप्तिस्मा मागणारे रोज येत. पण पोटासाठी कुणी धर्म घेऊ नये म्हणून मदतकार्य चालू असेपर्यंत क्लाऊने बाप्तिस्मे बंद ठेवले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा, 3 जुलै 1878 या एका दिवसात, गुंडलकम्मा नदीत 2,222 जणांनी बाप्तिस्मा घेतला. हातात पैसा असताना दार बंद होते आणि पैसा आटल्यावर उघडले, तरी माणसे आली. पुढेमागे साहेबाचा आधार होईल, असे कुणाच्या मनात नसेलच असे मी म्हणणार नाही. पण ज्या माणसाने मजुरी रोख दिली, शेजारी उभे केले आणि ‘तुलाही देवाने घडवले आहे’ असे सांगितले, त्याचा देव कोण हे विचारावेसे वाटणे ही लाचारी आहे की साधी, शाबूत माणुसकी?

गांधीजींना हे पटत नव्हते. 1936 साली जॉन मॉट या ख्रिस्ती पुढाऱ्याशी बोलताना त्यांनी विचारले की तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल का, आणि काही अस्पृश्यांची समज तर त्याहूनही कमी आहे. ते सद्भावनेने बोलले असतील, पण ते वाक्य मी कितीदाही वाचले तरी घशाखाली उतरत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत बाबासाहेबांनी धर्मांतराची कारणे मांडली, ती ऐहिकही होती आणि आध्यात्मिकही, आणि त्या दोहोंत त्यांना काही विसंगती दिसली नाही. आजचे कायदे मात्र पहिल्या सुराचे आहेत. ‘आमिष’ या शब्दाच्या पोटात उत्तर प्रदेशच्या 2021च्या कायद्याने ‘चांगले राहणीमान’ आणि ‘दैवी कोप’सुद्धा घातले. चांगल्या आयुष्याची आशा दाखवणे हा गुन्हा धरला तर जगातला कुठला धर्म निर्दोष सुटेल? गरिबाचे मत निवडणुकीत चालते, त्याचा अंगठा कर्जाच्या कागदावर चालतो, फक्त त्याच्या देवाबद्दल त्याला कळत नाही असे आपण धरून चालतो.

आता ‘दुःख आले, माणूस ख्रिस्ती झाला, शांती मिळाली’ या सरळ रेषेकडे वळू. आपल्या मातीतली सर्वांत गाजलेली कहाणी या रेषेत अजिबात बसत नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले. होते नव्हते ते तीर्थक्षेत्री, व्रतांत आणि दानात संपले होते आणि देव प्रसन्न झाला नव्हता. त्या उपासमारीने रमाबाईंना ख्रिस्ती केले नाही, उलट होता तो विश्वास काढून घेतला. भाऊ 1880 साली गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केले आणि 1882 साली पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा होती. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टर होण्याच्या इराद्याने. पण कानाला नीट ऐकू येत नसल्याने तेही जमले नाही. तिथल्या वाँटेज गावच्या सिस्टर्सचे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचे, समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळण्याचे काम त्यांनी पाहिले. हे का करता, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, येशू विहिरीवर जिच्याशी बोलला त्या परक्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंच्या मनाने तिथे वळण घेतले. पण त्याच वाँटेजमध्ये त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. 29 सप्टेंबर 1883चा तो बाप्तिस्मा अशा सावलीत झाला.

आणि बाप्तिस्म्यानंतर शांती लाभली का? भांडण लाभले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, ज्याला ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे मुकाट मान डोलावणे वाटते त्याने तो अवश्य वाचावा. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे मला पटत नाही, ख्रिस्ताच्या देवपणाचे तुमचे स्पष्टीकरण पुरत नाही, तुमच्या बिशपांचा अधिकार मी का मानू? हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता तुमचे चढवून घेणार नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले. आपल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळायला आणखी जवळपास आठ वर्षे लागली. म्हणजे आठ वर्षे ही बाई चर्चमध्ये होती, शंका काढत होती, 1889पासून विधवांसाठी काढलेले शारदा सदन चालवत होती, केशवपन झालेल्या पोरींना शिकवत होती. सोय म्हणून धरलेली कुबडी कुणी आठ वर्षे अशी खडबडून तपासते का? त्यांना भेटली ती आशा शंकेला वळसा घालून आली नव्हती, शंकेच्या मधूनच आली होती. त्यांच्याआधी काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांचेही असेच झाले. ख्रिस्ती मताचे खंडन करायला ते उतरले, 1848 साली ख्रिस्ती झाले, आणि पुढे नेहेम्या गोरे या नावाने जगतानाही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही.

रमाबाईंना मी देवळात बसवत नाही, कारण विरोधकांचा सर्वांत अवघड मुद्दा त्यांनाच लागू पडतो. 1893 साली शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली, आणि रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे होते की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार लावत नाही, कुणाला बोलावत नाही आणि हाकलतही नाही. या बाबतीत मी रमाबाईंच्या बाजूने आहे. सदनातल्या मुलींना वाचता येत होते, बाहेर जाता येत होते, आणि काहींचे पालक त्यांना घेऊनही गेले. पण केडगावच्या मुक्ती मिशनचे काय? 1896-97च्या आणि 1900च्या दुष्काळांतून त्यांनी मुली वाचवून आणल्या, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. 1905 साली तिथे संजीवनाची, म्हणजे धार्मिक जागृतीची, लाट आली, शेकडो मुली रडत प्रार्थना करू लागल्या. ज्या मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, जिच्या ताटातली भाकरी त्याच हातांनी येते, ती ‘माझा यावर विश्वास नाही’ असे म्हणू शकत होती का? मला वाटते, फार थोड्या म्हणू शकल्या असत्या. त्या मुलींची श्रद्धा खोटी होती असे मी म्हणत नाही, पण ती मोकळी होती असेही छातीठोक सांगता येणार नाही. आणि खरी कसोटी इथेच आहे. माणूस दुःखी होता का, हे विचारण्यात अर्थ नाही. त्याला नाही म्हणता येत होते का, प्रश्न विचारता येत होता का, उठून जाता आले असते का, आणि गेल्यावरही भाकरी मिळाली असती का, हे विचारा. या कसोटीवर क्लाऊ बऱ्यापैकी उतरतो, चंगाईवाले बहुतेक उतरत नाहीत, आणि आपल्याकडचे किती मठ, किती दर्गे, किती आश्रम उतरतील हे ज्याचे त्याने पाहावे.

राहिला तिसरा गट, माझ्या घरचा. यांच्या साक्षीचा साचा ठरलेला आहे. अंधार होता, प्रभू आला, उजेड झाला, आमेन. ज्याच्या घरी उजेड झाला नाही त्याला माइक मिळत नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे हळू आवाजात ठरवले जाते. पण हे ज्या पवित्र शास्त्राचा हवाला देतात त्यात ईयोबाचे पुस्तक आहे. ईयोबाची दहा मुले मरतात, अंगभर फोड येतात, आणि तीन मित्र येऊन त्याला समजावतात की देव न्यायी आहे, तेव्हा चूक तुझीच असणार. ईयोब देवाला जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या तीन मित्रांवर, देवाची वकिली करणाऱ्यांवर. माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, असे देव म्हणतो. स्तोत्रांमधले 88वे स्तोत्र काळोखातच संपते, त्याला गोड शेवट नाही. मार्काच्या शुभवर्तमानातला आजारी मुलाचा बाप येशूला एकाच दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत कर, आणि येशू त्याला ‘आधी शंका काढून ये’ असे म्हणत नाही. क्रुसावर तर येशू स्वतः विचारतो की माझ्या देवा, तू मला का सोडलेस? ज्या धर्माच्या मध्यभागी हा प्रश्न टांगलेला आहे, त्या धर्माच्या सभेत शंकेला पाप ठरवायचे धाडस होते तरी कसे?

मदर तेरेसांची खासगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा हे सगळे उघड्यावर आले. कलकत्त्यातले काम सुरू झाले त्या सुमारापासून पुढची कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देव जाणवत नव्हता, काळोखच होता. टीकाकार म्हणाले, ढोंग. भाविक गांगरले आणि घाईघाईने त्याला ‘संतांची परीक्षा’ असे नाव देऊन मोकळे झाले. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. सुख देणारा भास म्हणून ज्याने श्रद्धा धरली तो भास विरताच निघून जातो. या बाई राहिल्या आणि रोज सकाळी मरणाऱ्यांचे अंग पुसायला गेल्या. त्यांच्या संस्थेच्या औषधपाण्यावर, हिशेबांवर जरूर टीका करा, त्या टीकेत तथ्य आहे. पण ‘श्रद्धा म्हणजे मनाला बरे वाटण्याची सोय’ हा सिद्धांत या पत्रांपुढे टिकत नाही.

शांती म्हणजे घरची कटकट मिटणे असेल, तर नारायण वामन टिळकांच्या घराइतके अशांत ख्रिस्ती घर सापडायचे नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे पोर घेऊन रडत राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या त्या ख्रिस्ती न होता, सोवळे सांभाळत. आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या डोक्याने जातपात तपासून. त्यानंतरही पगार आला की तो वाटून टाकणारा नवरा, उंबऱ्याशी कुणी ना कुणी पाहुणा, प्लेगची धास्ती, हे सारे तसेच राहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कुठेही ‘मग सगळे छान झाले’ असे पान येत नाही. येतो तो एक विलक्षण मोकळा विनोद, नवऱ्यावर, मिशनऱ्यांवर, स्वतःवर. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला समजुतीपलीकडच्या शांतीविषयी लिहिले ते बंदिवासातून, आणि सुटकेची खात्री त्यालाही नव्हती. लक्ष्मीबाईंचा विनोद मला त्याच जातीचा वाटतो, निदान या एका ठिकाणी मला ते पौलाचे वाक्य कळल्यासारखे वाटते.

तेव्हा आमिषाचा आरोप करणाऱ्यांनी कायद्यात ‘चांगल्या आयुष्याची आशा’ हा गुन्हा लिहिण्याआधी कालव्यावरच्या मादिगांना आणि देहूच्या वाण्याला एकाच तराजूत घालून पाहावे. कुबडी म्हणणाऱ्यांनी सिस्टर जेराल्डीनला आलेली पत्रे वाचावीत. आणि आमच्या पाळकांना एक विनंती आहे. पुढच्या उपवास-प्रार्थनेत जिचा मुलगा प्रार्थना करूनही वाचला नाही अशा एखाद्या बाईला माइक द्या. तिला 88वे स्तोत्र म्हणू द्या, आणि ते संपल्यावर कुणी लगेच कीबोर्ड सुरू करू नका. दानपेटीवर थोडा परिणाम होईल, हे मान्य.